प्रॉक्समॉक्स होस्ट रीबूटनंतर वर येत नाही: कर्नल बूट क्रॅश शोधायचा कसा आणि दुरुस्त कसा करायचा

अपडेटनंतर होस्ट (व्हीएम म्हणजे आभासी मशीन चालवणारा सर्व्हर) उठला नाही की 'नवा कर्नलच खराब आहे' असं म्हणून मोकळं होणं सोपं असतं. कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यात, खरोखर दोष असतोही, पण क्वचित. बहुतेक वेळा बिघाड कर्नलच्या आजूबाजूला सापडतो. इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला रूट डिस्क शोधून देणारी छोटी फाइलप्रणाली) बनलेलंच नसतं, रूट विभाजन बॅकअपने भरलेलं असतं, आयओएमयू (उपकरणांचा मेमरीवरचा वावर नियंत्रित करणारी सोय) नव्याने चालू झालेलं असतं, किंवा व्हीएमला पासथ्रू, म्हणजे थेट वापरायला, दिलेलं कार्ड होस्टलाच हवं असतं. म्हणून बूट नेमकं कुठपर्यंत पोहोचून थांबलं हे आधी शोधायचं. ते कळलं की संशयित दोन-तीनच उरतात.

हा लेख प्रॉक्समॉक्स व्हीई ८ (डेबियन १२) आणि ९ (डेबियन १३) यांवर बेतलेला आहे. रेड हॅट घराण्यातल्या केव्हीएम (लिनक्समधलं व्हर्च्युअलायझेशन) होस्टवर जिथे वेगळं करावं लागतं, तिथे तसं लिहिलं आहे. आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलवर त्यांचं मूळ स्पेलिंग टाइप करायचं.

आधी खात्री: हा क्रॅशच आहे का?

पिंग येत नाही याचा अर्थ होस्ट मेला असा होत नाही. बीएमसीचा, म्हणजे सर्व्हर दुरून हाताळण्याच्या स्वतंत्र चिपचा, कन्सोल उघडा (आयड्रॅक, आयएलओ, सुपरमायक्रोचं आयपीएमआय, जे असेल ते). पडद्यावर ८००६ पोर्टचा पत्ता आणि लॉगिन दिसत असेल, तर कर्नल ठणठणीत आहे आणि बिघाड नेटवर्कमध्ये आहे. नव्या कर्नलमध्ये नेटवर्क कार्डाचं नाव बदलू शकतं, एखादं नवं पीसीआय कार्ड बसवलं तरी बदलू शकतं. काल जे ईएनपी३एस० होतं ते आज ईएनपी४एस० होतं आणि व्हीएमबीआर० ब्रिजला पोर्टच उरत नाही. 'आयपी लिंक' देऊन खरं नाव पाहा, /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस मध्ये दुरुस्त करा, 'आयएफरीलोड -ए' चालवा. काम संपलं.

लॉगिन दिसत नसेल तर पुढे वाचा.

जुना कर्नल: सेवाही परत, निदानही अर्धं

कारण शोधण्याआधी जुन्या कर्नलवर बूट करून पाहा. ग्रब (बूट मेनू दाखवून कर्नल लोड करणारा प्रोग्राम) असेल तर मेनू आल्याबरोबर बाणाची कळ दाबून उलटी गणती थांबवा, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जा आणि आधीची आवृत्ती निवडा. रूट झेडएफएसवर (एक फाइलप्रणाली) आणि यूईएफआय (नव्या पद्धतीचं फर्मवेअर) बूट असेल, आणि सिक्युअर बूट (सही नसलेला कर्नल नाकारणारी सोय) बंद असेल, तर बहुधा ग्रबऐवजी सिस्टमडी-बूट असतं. तिथे मेनू निसटून जात असेल तर स्पेसबार दाबून धरा, सगळे कर्नल यादीत दिसतात.

जुन्यावर होस्ट उठला तर लगेच तो पक्का करा:

प्रॉक्समॉक्स-बूट-टूल कर्नल लिस्ट
प्रॉक्समॉक्स-बूट-टूल कर्नल पिन ६.५.१३-५-पीव्हीई

आवृत्ती अर्थातच तुमच्या यादीतली. व्हीएम चालू होऊ द्या, नव्या कर्नलचं शवविच्छेदन संध्याकाळी करता येईल.

जुन्या कर्नलवरही तसाच क्रॅश आला तर कर्नल निर्दोष सुटला. मग हार्डवेअर, बूट ओळीतले पॅरामीटर, डिस्क किंवा आपोआप सुरू होणारा एखादा गेस्ट (होस्टवरचा व्हीएम किंवा कंटेनर) यांच्याकडे वळायचं. अनेक जण ही एवढी चाचणी न करता सरळ पुन्हा इन्स्टॉल करायला घेतात आणि नव्या इन्स्टॉलवर पुन्हा तोच क्रॅश पाहत बसतात.

क्लस्टर असेल तर एक सावधगिरी. एकटा होस्ट वर आला आणि कोरम (नोडांचं बहुमत) नसेल तर गेस्ट सुरू होणार नाहीत, /ईटीसी/पीव्हीई फक्त वाचण्यापुरतं राहील. 'पीव्हीईसीएम एक्स्पेक्टेड १' हा उपाय दुसरा नोड खरोखर बंद आहे हे डोळ्यांनी पाहिल्यावरच वापरा. तोच व्हीएम सामायिक स्टोरेजवर दोन होस्टवर चालू झाला तर डिस्क प्रतिमेची वाट लागते, आणि ते बूट क्रॅशपेक्षा फार वाईट.

रेड हॅट, अल्मा, रॉकी यांवर हेच काम 'ग्रबी --सेट-डिफॉल्ट' करतं.

संदेश पूर्ण दिसला पाहिजे

पॅनिक झाल्यावर, म्हणजे सावरता न येणाऱ्या चुकीमुळे कर्नल थांबल्यावर, पडद्यावर उरतात त्या शेवटच्या पंचवीस-पन्नास ओळी. त्यातला बराचसा भाग कॉल ट्रेसचं शेपूट असतो. खरं कारण वर सरकून गेलेलं असतं.

मेनूमध्ये नोंदीवर 'ई' दाबा. ग्रबमध्ये 'लिनक्स' ने सुरू होणारी ओळ शोधा, शेवटी असलेला 'क्वायट' शब्द काढा आणि त्याजागी हे लिहा: इग्नोर_लॉगलेव्हल नोमोडसेट पॅनिक=०. मग कंट्रोल-एक्स. सिस्टमडी-बूटमध्ये तीच ओळ खाली दिसते, बदलून एंटर. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, त्यामुळे बिनधास्त प्रयोग करा. पॅनिक=० मुळे मशीन आपोआप रीबूट न होता संदेश पडद्यावर ठेवून थांबतं. तरीही रीबूट होत असेल तर बीएमसीमधला वॉचडॉग तपासा, निदान चालू असेपर्यंत तो बंद ठेवा.

एवढ्याने भागलं नाही तर सिरियल. बूट ओळीत:

कन्सोल=टीटीवाय० कन्सोल=टीटीवायएस१,११५२००एन८

बऱ्याच सर्व्हरांत बीएमसीचं सिरियल-ओव्हर-लॅन दुसऱ्या पोर्टला, म्हणजे टीटीवायएस१ ला जोडलेलं असतं, काहींत टीटीवायएस० ला. बायोसमध्ये 'कन्सोल रीडायरेक्शन' कुठल्या पोर्टवर आहे ते पाहून ठरवा. ज्या कन्सोलचं नाव ओळीत शेवटी, तो मुख्य. दुसऱ्या मशीनवरून 'आयपीएमआयटूल -आय (मोठा आय) लॅनप्लस … एसओएल ॲक्टिव्हेट' चालवा आणि आउटपुट फाइलमध्ये घ्या. आता हजार ओळी असल्या तरी वर जाऊन वाचता येतं.

सिरियल नसेल तर नेटकन्सोल (कर्नलचे संदेश नेटवर्कवरून पाठवणारी सोय) सुचवलं जातं. व्हर्च्युअलायझेशन होस्टवर त्याची एक खोच आहे. ज्या कार्डावर नेटकन्सोल लावलं ते ब्रिजमध्ये सामील झालं की नेटकन्सोल स्वतःहून बंद पडतं, आणि कार्ड आधीच ब्रिजमध्ये असेल तर 'स्लेव्ह डिव्हाइस' म्हणून नकार देतं. होस्टवरचं मुख्य कार्ड व्हीएमबीआर० मध्ये असतंच. म्हणून नेटकन्सोलसाठी ब्रिजबाहेरचं वेगळं पोर्ट ठेवा, नाहीतर लॉग अगदी ऐन वेळी तुटतो.

केडंपबद्दल (क्रॅशच्या वेळी दुसरा छोटा कर्नल चालवून मेमरीची प्रत काढणारी सोय) स्पष्टच सांगायचं तर बूटच्या सुरुवातीच्या क्रॅशसाठी त्याचा उपयोग नाही. तो क्रॅश कर्नल यूजरस्पेसमधून (कर्नलनंतर सुरू होणाऱ्या प्रोग्रामांकडून) लोड होतो, आणि आपलं मशीन तिथवर पोहोचतच नाही. बूट झाल्यावर पाच-दहा मिनिटांनी पडणाऱ्या होस्टसाठी मात्र ते उत्तम. पुढच्या यशस्वी बूटनंतर /व्हार/लिब/सिस्टमडी/पीस्टोर मध्ये डोकवा. फर्मवेअरने साथ दिली असेल तर आधीच्या पॅनिकचा तुकडा तिथे जपलेला मिळतो.

कुठल्या ओळी वाचायच्या

लॉगमध्ये दोन-तीन 'ऊप्स' (कर्नलने नोंदवलेल्या गंभीर चुका) असतील तर पहिलाच खरा, पुढचे त्याचे परिणाम. पहिल्या ऊप्समध्ये 'आरआयपी:' ची ओळ बघा. तिथे फंक्शनचं नाव आणि चौकटी कंसात मॉड्यूलचं नाव असतं. [एमपीटी३एसएएस] किंवा [बीएनएक्सटी_आरई] असं काही दिसलं तर अर्धं काम झालं.

'टेंटेड:' पुढची अक्षरं पाहून घाबरू नका. झेडएफएस लोड असलेल्या प्रॉक्समॉक्सवर 'पी' आणि 'ओ' कायम असतात, कारण झेडएफएस मुख्य कर्नलबाहेरचं आणि वेगळ्या परवान्याचं मॉड्यूल आहे. 'एम' दिसलं तर मात्र थांबा, त्याचा अर्थ प्रोसेसरने मशीन चेक नोंदवला आहे. 'डी' म्हणजे याआधीही एक ऊप्स होऊन गेला, वर जाऊन तो शोधा.

एकही ओळ न येता थांबलं तर

'लोडिंग इनिशियल रॅमडिस्क' एवढं दिसून पडदा गोठला तर दोन शक्यता. पहिली, कर्नल चालू आहे पण चित्र दिसत नाही. हे नोमोडसेटने कळतं. दोन-तीन मिनिटं थांबून पिंगही करून बघा, होस्ट चक्क वर आलेला सापडतो. दुसरी, कर्नल फार लवकर अडकला आहे. मग अर्लीकॉन=ईएफआयएफबी कीप_बूटकॉन हे दोन पॅरामीटर लावा. यूईएफआय मशीनवर नेहमीचा कन्सोल तयार होण्याआधीचे संदेशही त्यामुळे पडद्यावर येतात.

'बॅड शिम सिग्नेचर' आणि त्याखाली 'यू नीड टू लोड द कर्नल फर्स्ट' असं आलं तर तो क्रॅश नाही. सिक्युअर बूटने कर्नल नाकारला आहे. प्रॉक्समॉक्सने सिक्युअर बूटला आधार ८.१ पासून दिला. त्याआधी इन्स्टॉल केलेल्या आणि शिम-ग्रबची (सही केलेल्या बूट लोडरची) पॅकेजं न बसवलेल्या होस्टवर कोणी बायोस रीसेट केला की सिक्युअर बूट चालू होऊन बूट अडू शकतं. तात्पुरतं सिक्युअर बूट बंद करा.

'अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)'

अपडेटनंतरच्या पॅनिकमध्ये सगळ्यात जास्त भेटणारा हाच. कंसातले आकडे महत्त्वाचे आहेत. (०,०) म्हणजे कर्नलला रूट डिस्क कुठली हेच माहीत नाही, थोडक्यात इनिटरॅमएफएस मिळालंच नाही. (८,३) असे खरे आकडे असतील तर डिस्क सापडली पण फाइलप्रणाली माउंट होईना, मग फाइलप्रणालीच तपासायची.

(०,०) ची कारणं ठरलेली आहेत.

जागा संपलेली असते. एलव्हीएमवरच्या (डिस्कची जागा विभागणारी लिनक्सची व्यवस्था) नेहमीच्या इन्स्टॉलमध्ये /बूट वेगळं नसतं, रूट विभाजनातच असतं. आणि त्याच विभाजनावर 'लोकल' स्टोरेज असतं, जिथे /व्हार/लिब/व्हीझेड/डंप मध्ये बॅकअप साठत जातात. रूट शंभर टक्के भरलं की इनिटरॅमएफएस अर्धवट बनतं किंवा बनतच नाही, अपडेटच्या आउटपुटमध्ये एक ओळ येऊन जाते आणि कोणी वाचत नाही. झेडएफएसवर अडचण वेगळी: तिथे कर्नल ईएसपीवर (यूईएफआयच्या बूट विभाजनावर) कॉपी होतात, आणि जुन्या इन्स्टॉलरने ही ईएसपी ५१२ एमबीची केलेली आहे. एका कर्नलमागे दोन्ही फाइली मिळून ऐंशी-शंभर एमबी सहज जातात. पाच-सहा कर्नल साठले की ती भरते.

दुसरं कारण अधिक छुपं. होस्टवर डीकेएमएसचं (प्रत्येक नव्या कर्नलसाठी बाहेरचे ड्रायव्हर पुन्हा बनवणारी सोय) एखादं मॉड्यूल असतं, रिअलटेकचं आर८१६८ किंवा एनव्हिडियाचा ड्रायव्हर. नव्या कर्नलचे हेडर नसतात किंवा ड्रायव्हर नव्या कर्नलवर बनत नाही. कर्नल पॅकेज बसवताना /ईटीसी/कर्नल/पोस्टइन्स्ट.डी मधल्या स्क्रिप्ट नावाच्या वर्णक्रमाने चालतात. 'डीकेएमएस' आधी, 'इनिटरॅमएफएस-टूल्स' नंतर, आणि ईएसपीवर कॉपी करणारी प्रॉक्समॉक्सची 'झेडझेड' ने सुरू होणारी स्क्रिप्ट अगदी शेवटी. पहिलीच आपटली की पुढच्या चालत नाहीत. कर्नल आला, त्याचं इनिटरॅमएफएस नाही. म्हणून ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरमुळे रूट डिस्क सापडत नाही, असा विचित्र दिसणारा प्रकार घडतो.

दुरुस्ती जुन्या कर्नलवरून (तोही उठत नसेल तर खाली दिलेल्या क्रूटमधून, म्हणजे आयएसओवरून बूट करून बिघडलेल्या इन्स्टॉलच्या आत शिरून):

१. 'डीएफ -एच /' पाहा, जुने बॅकअप हलवा. ईएसपी भरली असेल तर नको असलेली कर्नल पॅकेजं काढा. ईएसपीवरच्या फाइली हाताने उडवू नका, पुढच्या रीफ्रेशला त्या परत येतात.

२. डीकेएमएस दोषी असेल तर 'डीकेएमएस स्टेटस' मधून मॉड्यूल ओळखा. हेडर बसवा (प्रॉक्समॉक्स-डिफॉल्ट-हेडर्स) किंवा मॉड्यूल काढून टाका.

३. डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

४. अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के <नवी आवृत्ती>. फाइल आधीच असेल तर -सी ऐवजी -यू.

५. अपडेट-ग्रब, किंवा बूट-टूल वापरात असेल तर प्रॉक्समॉक्स-बूट-टूल रीफ्रेश.

६. 'एलएस -एलएच /बूट' मध्ये नव्या इनिटरॅमएफएसचा आकार आधीच्यांच्या जवळपास हवा. इतर सत्तर एमबी आणि हे बारा, असं दिसलं तर रीबूट देऊ नका.

आरशातल्या (मिरर) दोन डिस्कांपैकी एक बदलली असेल तर 'प्रॉक्समॉक्स-बूट-टूल स्टेटस' नक्की पाहा. झेडपूल रिप्लेस केल्याने डेटा नव्या डिस्कवर जातो, बूट विभाजन जात नाही. ते 'फॉरमॅट' आणि 'इनिट' देऊन वेगळं तयार करावं लागतं. विसरलं गेलं तर सगळा भार उरलेल्या एका जुन्या डिस्कवर असतो, आणि ती गेली की होस्टही जातो.

इनिटरॅमएफएसच्या शेलमध्ये पडलं तर

'/डेव्ह/मॅपर/पीव्हीई-रूट डझ नॉट एक्झिस्ट' किंवा 'नो पूल इम्पोर्टेड' येऊन साधा प्रॉम्प्ट मिळाला तर हे पॅनिकपेक्षा बरं, कारण हातात शेल आहे. आधी 'कॅट /प्रॉक/पार्टिशन्स' द्या.

डिस्क दिसत असतील तर प्रश्न वेळेचा आहे. रेड कंट्रोलर किंवा एचबीए (डिस्क जोडणारं कार्ड) उशिरा जागा झाला. एलव्हीएमवर 'एलव्हीएम व्हीजीचेंज -एवाय' आणि 'एक्झिट'. झेडएफएसवर 'झेडपूल इम्पोर्ट -एन (मोठा एन) आरपूल' आणि 'एक्झिट'. होस्ट सुरू होईल. कायमचा उपाय: एलव्हीएमसाठी /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मध्ये रूटडिले=१० जोडून अपडेट-ग्रब. झेडएफएससाठी /ईटीसी/डिफॉल्ट/झेडएफएस मध्ये झेडएफएस_इनिटआरडी_प्री_माउंटरूट_स्लीप='५' ठेवून सर्व कर्नलांची इनिटरॅमएफएस पुन्हा बनवा.

डिस्क दिसतच नसतील तर ड्रायव्हर नाही, किंवा ड्रायव्हरऐवजी दुसऱ्याच कोणी कंट्रोलर धरला आहे. तो दुसरा कोणी म्हणजे बहुधा व्हीएफआयओ (व्हीएमला द्यायचं कार्ड राखून ठेवणारा ड्रायव्हर), त्याविषयी पुढे.

रेड हॅट घराण्यात हेच ड्राकटच्या आणीबाणी शेलमध्ये दिसतं आणि /रन/इनिटरॅमएफएस/आरडीएसओएसरिपोर्ट.टीएक्सटी मध्ये सगळी हकीकत मिळते. तिथलं इनिटरॅमएफएस फक्त त्याच मशीनच्या हार्डवेअरपुरते ड्रायव्हर ठेवतं. डिस्क काढून दुसऱ्या कंट्रोलरच्या सर्व्हरमध्ये घातल्या की अडकतं. मेनूतली 'रेस्क्यू' नोंद सर्व ड्रायव्हर बाळगते, तिच्यावरून उठून 'ड्राकट -एफ --केव्हर' ने नव्या मशीनवर पुन्हा बनवायचं.

आयओएमयू आणि ड्रायव्हर

प्रॉक्समॉक्सच्या ६.८ कर्नलपासून इंटेलचं आयओएमयू आपोआप चालू असतं. तोवर ज्या होस्टवर कोणी पासथ्रूचा विचारही केला नव्हता, तिथेही ते चालू झालं, आणि काही सर्व्हरच्या फर्मवेअरमधल्या चुका उघड्या पडल्या. लक्षणं: 'डीमार' ने सुरू होणाऱ्या फॉल्ट ओळींचा पाऊस, मग स्टोरेज कंट्रोलरचा टाइमआउट, मग रूट गायब. बूट ओळीत इंटेल_आयओएमयू=ऑफ लावून पाहा. उठला तर कारण पटलं. पासथ्रू नको असेल तर तसंच राहू द्या. हवं असेल तर आधी बायोस आणि कंट्रोलरचं फर्मवेअर अद्ययावत करा, मग ऑफ काढून आयओएमयू=पीटी वापरून पाहा. एएमडीवर समांतर चाचणी एएमडी_आयओएमयू=ऑफ ची.

याच ६.८ बरोबर ब्रॉडकॉमच्या काही नेटवर्क कार्डांवर इन्फिनिबँडचं बीएनएक्सटी_आरई मॉड्यूल बूट अडवू लागलं. साधं इथरनेट वापरणाऱ्याला त्या मॉड्यूलची गरजच नसते. मॉड्यूल_ब्लॅकलिस्ट=बीएनएक्सटी_आरई लावून उठवा, /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये ब्लॅकलिस्ट कायम करा, इनिटरॅमएफएस पुन्हा बनवा, कार्डाचं फर्मवेअर बदला.

नियम एकच: एका बूटला एकच पॅरामीटर. सात पॅरामीटर एकदम लावून होस्ट उठला तर त्यातलं कुठलं लागू पडलं हे कळत नाही, आणि ती सात पुढची पाच वर्षं तशीच राहतात.

पासथ्रूने स्वतःचाच पाय तोडणं

व्हर्च्युअलायझेशन होस्टचा हा खास आजार, साध्या सर्व्हरवर सापडणार नाही.

व्हीएफआयओ-पीसीआयला आयडी देऊन कार्ड राखून ठेवलं जातं. पण आयडी असतो मॉडेलचा, एका कार्डाचा नव्हे. होस्टमध्ये एकाच मॉडेलच्या दोन एनव्हीएमई असतील, एक बूटची आणि एक व्हीएमला द्यायची, तर व्हीएफआयओ दोन्ही धरतो आणि रूट डिस्क नाहीशी होते. सुटका: मॉड्यूल_ब्लॅकलिस्ट=व्हीएफआयओ_पीसीआय लावून बूट करा, /ईटीसी/मॉडप्रोब.डी मधला आयडी काढा, इनिटरॅमएफएस बनवा. नंतर कार्ड आयडीने न बांधता पीसीआय पत्त्याने बांधा, ड्रायव्हरसीटीएल त्यासाठीच आहे.

दुसरा प्रकार: होस्ट लॉगिनपर्यंत येतो आणि अर्ध्या-एक मिनिटात कोसळतो, पुन्हा उठतो, पुन्हा कोसळतो. इथे कर्नलला दोष देण्याआधी आपोआप सुरू होणारे गेस्ट थांबवा. बूट ओळीत लिहा:

सिस्टमडी.मास्क=पीव्हीई-गेस्ट्स.सर्व्हिस

यामुळे होस्ट येतो पण गेस्ट सुरू होत नाहीत. आता स्थिर राहिला तर दोषी गेस्टच. 'क्यूएम सेट १०१ --ऑनबूट ०' करून त्याचं होस्टपीसीआय तपासा. नवं कार्ड घातल्यावर पीसीआय क्रमांक सरकतात. व्हीएमच्या फाइलीत ०३:०० तेच राहतं, पण त्या पत्त्यावर आता ग्राफिक्स कार्डाऐवजी होस्टचा साटा कंट्रोलर बसलेला असतो, आणि व्हीएम सुरू होताच तो होस्टच्या हातून जातो. पत्ता बरोबर असला तरी त्याच आयओएमयू गटात आणखी काय आहे ते बघा, गट फोडून अर्धा देता येत नाही.

एचएमध्ये (नोड पडला तर गेस्ट दुसरीकडे सुरू करणारी सोय) नोंदवलेले गेस्ट मात्र पीव्हीई-गेस्ट्स सुरू करत नाही, ते पीव्हीई-एचए-एलआरएमचं काम. त्यांना दुसऱ्या नोडवरून 'एचए-मॅनेजर सेट व्हीएम:१०१ --स्टेट डिसेबल्ड' द्या.

'अटेम्प्टेड टू किल इनिट'

पुढचा एक्झिटकोड वाचा. ०एक्स००००७एफ०० म्हणजे इनिट (कर्नल सुरू करतो तो पहिला प्रोग्राम) १२७ देऊन बाहेर पडलं: लायब्ररी किंवा फाइल सापडली नाही, बहुधा अपडेट मध्येच तुटलेलं. ०एक्स००००००० च्या शेवटी 'बी' असेल तर ते सेगफॉल्ट आहे, तेव्हा मेमरी आणि डिस्क दोन्ही तपासा. नेस्टेड होस्टवर, म्हणजे व्हीएमच्या आत रेड हॅट ९ चा होस्ट चालवताना, ७एफ०० च्या वर 'सीपीयू डझ नॉट सपोर्ट एक्स८६-६४-व्ही२' अशी ग्लिबसीची ओळ असते. तिथे काही बिघडलेलं नसतं, बाहेरच्या व्हीएमचा सीपीयू प्रकार केव्हीएम६४ वरून 'होस्ट' करायचा.

मेमरी

'सिस्टम इज डेडलॉक्ड ऑन मेमरी' हा पॅनिक बूटच्या वेळी आला तर ह्यूजपेजेस (आधीच राखून ठेवलेली मेमरीची मोठी पानं) पाहा. १२८ जीबीच्या होस्टवर १ जीबीची १२० पानं बूट ओळीत राखलेली असतात. एक ३२ जीबीचा डिम (रॅमची पट्टी) खराब होऊन बायोसने बंद केला, आता मशीनकडे ९६ जीबीच आहे. कर्नल जमेल तेवढी पानं राखतो आणि स्वतःला काहीच उरत नाही. मेनूत 'ई' दाबून ह्यूजपेजेसचा आकडा खाली आणा, उठल्यावर 'फ्री -जी' पाहून नवा आकडा ठरवा, आणि तो डिम शोधा.

मशीन चेकचे पॅनिक ('हार्डवेअर एरर', बँक क्रमांक) कर्नल बदलून जात नाहीत. 'आयपीएमआयटूल एसईएल ईलिस्ट' मध्ये बहुतेकदा स्लॉटचं नावच मिळतं. नसेल तर अर्धे डिम काढून बूट, मग उरलेले अर्धे. घरगुती लॅबमध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर होस्ट म्हणून चालवणाऱ्यांनी बायोसमध्ये ०एक्स१२बी किंवा त्यापुढचा मायक्रोकोड (प्रोसेसरचा अंतर्गत, बदलता येणारा कोड) आहे ना, हे बघावं. जादा व्होल्टेजच्या दोषावर इंटेलने २०२४ मध्ये तो दिला. आधीच झिजलेला प्रोसेसर मात्र त्याने दुरुस्त होत नाही, बदलून घ्यावा लागतो.

एकही कर्नल उठत नसेल: क्रूट

प्रॉक्समॉक्सचीच आयएसओ वापरा, तिच्यात झेडएफएस असतं, डेबियन लाइव्हमध्ये नसतं. बीएमसीवरून व्हर्च्युअल मीडिया लावा, ॲडव्हान्स्डमधला डीबग प्रकार निवडा. पहिला शेल फार तोकडा असतो, तो कंट्रोल-डी देऊन सोडा आणि दुसऱ्यात काम करा. इन्स्टॉलर पुढे जाऊ देऊ नका.

१. एलव्हीएम: व्हीजीचेंज -एवाय, मग माउंट /डेव्ह/पीव्हीई/रूट /एमएनटी. झेडएफएस: झेडपूल इम्पोर्ट -एफ -एन -आर (एन आणि आर मोठे) /एमएनटी आरपूल, मग झेडएफएस माउंट आरपूल/रूट/पीव्हीई-१.

२. डेव्ह, प्रॉक, सिस, रन हे चारही /एमएनटी खाली 'माउंट --आरबाइंड' ने जोडा.

३. क्रूट /एमएनटी /बिन/बॅश

४. एलव्हीएम आणि यूईएफआय असेल तर माउंट /बूट/ईएफआय. झेडएफएसवर हे नको, बूट-टूल स्वतः ईएसपी माउंट करतं.

५. डीपीकेजी --कॉन्फिगर -ए, एपीटी -एफ इन्स्टॉल, इनिटरॅमएफएस, अपडेट-ग्रब किंवा रीफ्रेश. वर दिल्याप्रमाणेच.

६. बाहेर या, सगळं अनमाउंट करा, झेडएफएस असेल तर 'झेडपूल एक्स्पोर्ट आरपूल' द्या. हे विसरलं तर पुढच्या बूटला पूल दुसऱ्या मशीनचा आहे असं म्हणून इम्पोर्ट नाकारला जातो आणि तुम्ही पुन्हा इनिटरॅमएफएसच्या शेलमध्ये.

क्रूटमध्ये /ईटीसी/पीव्हीई रिकामं दिसेल. व्हीएमच्या फाइली गेल्या असं समजून धावपळ करू नका. ती फोल्डर पीएमएक्ससीएफएस (प्रॉक्समॉक्सची क्लस्टर फाइलप्रणाली) चालू असतानाच भरते, मूळ माहिती /व्हार/लिब/पीव्हीई-क्लस्टर मधल्या डेटाबेसमध्ये असते. दुरुस्तीला हात लावण्याआधी त्या फोल्डरची प्रत बाहेर काढून ठेवा.

पुढच्या अपडेटला

रीबूटआधी 'डीएफ -एच /', बूट-टूल स्टेटस, डीकेएमएस स्टेटस आणि नव्या इनिटरॅमएफएसचा आकार. चालू असलेला कर्नल पिन करा, आणि नवा फक्त एका बूटपुरता:

प्रॉक्समॉक्स-बूट-टूल कर्नल पिन <नवी आवृत्ती> --नेक्स्ट-बूट

यावर आंधळा विश्वास मात्र नको. ही एकवेळची खूण पुसली जाते ती नव्या कर्नलवर यूजरस्पेस सुरू झाल्यावर. त्याआधीच पॅनिक झालं तर खूण तशीच राहते आणि पुढचा बूटही त्याच कर्नलवर जातो. त्यामुळे बीएमसीचा कन्सोल उघडा असल्याशिवाय दुसऱ्या शहरातल्या डेटा सेंटरमधल्या होस्टला रीबूट देऊ नका. क्लस्टरमध्ये आधी गेस्ट हलवलेला एकच नोड अपडेट करा, त्यावर पासथ्रूवाला एक व्हीएम आणि एक बॅकअप चालवून पाहा, मग बाकीचे. चालणारा जुना कर्नल ऑटोरिमूव्हमध्ये जाऊ नये म्हणून 'प्रॉक्समॉक्स-बूट-टूल कर्नल ॲड' ने यादीत राखून ठेवा.